नोव्हेंबरचा अर्ज, डिसेंबरचा निकाल : अमेरिकी विद्यापीठांतील मुदतपूर्व प्रवेश

अमेरिकेतील हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड यांसारख्या नामांकित विद्यापीठांत पदवी अभ्यासक्रमासाठी दरवर्षी दोन फेऱ्यांत अर्ज स्वीकारले जातात. नियमित फेरीची मुदत जानेवारीच्या प्रारंभी संपते. त्याआधी सुमारे दोन महिने, बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर रोजी, मुदतपूर्व फेरीची मुदत संपलेली असते. या फेरीत निवड होण्याचे प्रमाण नियमित फेरीपेक्षा अधिक असल्याने बारावीत शिकणारे भारतीय विद्यार्थीही तिचा विचार करतात. मात्र तिच्या एका प्रकारात, निवड झाल्यास तेथेच प्रवेश घेऊ, असे वचन विद्यार्थ्याला आधीच द्यावे लागते. त्यामुळे लवकर अर्ज करणे हा केवळ तारखेचा प्रश्न राहत नाही. चार वर्षांचा खर्च कोणी आणि कसा करायचा, याचा निर्णयही नोव्हेंबरपूर्वीच घ्यावा लागतो. या पद्धतीचे प्रकार, तिचा इतिहास, तिच्यावरील आक्षेप आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तिचे महत्त्व यांचा हा आढावा.

तीन प्रकार

मुदतपूर्व अर्जाचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. त्यांची नावे सारखी वाटत असली तरी त्यांतून येणाऱ्या जबाबदाऱ्या अगदी वेगळ्या आहेत.

पहिला प्रकार अर्ली डिसिजन. हा बंधनकारक आहे. विद्यार्थ्याला या पद्धतीने एकाच विद्यापीठाकडे अर्ज करता येतो. निवड झाल्यास तेथे प्रवेश घ्यावा लागतो आणि इतरत्र केलेले सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. या अटीच्या करारपत्रावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या स्वाक्षऱ्या असतात. आयव्ही लीग या गटातील आठ विद्यापीठांपैकी कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया, कॉर्नेल, ब्राउन आणि डार्टमथ या पाच ठिकाणी ही पद्धत आहे.

दुसरा प्रकार अर्ली ॲक्शन. यात निकाल लवकर मिळतो, परंतु प्रवेश घेण्याचे बंधन नसते. विद्यार्थी अन्य विद्यापीठांच्या निकालांची वाट पाहू शकतो आणि १ मेपर्यंत आपला निर्णय कळवू शकतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच एमआयटी, ही पद्धत वापरते.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला आहे. त्याला रिस्ट्रिक्टिव्ह किंवा सिंगल-चॉइस अर्ली ॲक्शन म्हणतात. निवड झाली तरी प्रवेश घेण्याची सक्ती नसते. मात्र त्याच काळात अन्य खासगी अमेरिकी विद्यापीठांकडे मुदतपूर्व अर्ज करण्यास मनाई असते. सरकारी विद्यापीठे आणि अमेरिकेबाहेरील विद्यापीठे यांना सामान्यतः या मनाईतून सूट असते. नेमके नियम प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड ही चार विद्यापीठे या पद्धतीने अर्ज घेतात.

काही विद्यापीठे बंधनकारक अर्जाची दुसरी फेरीही घेतात. तिची मुदत जानेवारीच्या सुमारास असते आणि निकाल फेब्रुवारीच्या मध्यास लागतो. पहिल्या पसंतीच्या विद्यापीठाने डिसेंबरमध्ये नकार दिलेल्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे वळवणे हा तिचा एक हेतू असतो. शिकागो विद्यापीठात बंधनमुक्त फेरी आणि बंधनकारक अशा दोन फेऱ्या उपलब्ध आहेत. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस इत्यादी शाखांमध्ये मुदतपूर्व फेरीच नाही. तेथे सर्वांसाठी एकच मुदत असते.

वर्षाचे वेळापत्रक

बहुतेक नामांकित विद्यापीठे 'कॉमन अप्लिकेशन' या सामायिक अर्जाद्वारे अर्ज स्वीकारतात. सन १९७५ मध्ये १५ महाविद्यालयांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या या व्यवस्थेत आज एक हजाराहून अधिक संस्था सहभागी आहेत. नव्या वर्षाचा अर्ज १ ऑगस्ट रोजी खुला होतो. त्यात शैक्षणिक माहिती, शिक्षणेतर उपक्रम, कमाल ६५० शब्दांचा निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि शाळेचा अहवाल यांचा समावेश असतो. अनेक विद्यापीठे याशिवाय स्वतःचे प्रश्न विचारतात.

मुदतपूर्व अर्जाचा निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. तो तीन प्रकारचा असू शकतो : निवड, नकार किंवा अर्ज नियमित फेरीकडे वर्ग करणे. तिसऱ्या प्रकाराला 'डिफर' करणे असे म्हणतात. अशा अर्जाचा विचार नियमित फेरीतील अर्जांबरोबर पुन्हा होतो आणि विद्यार्थी त्या विद्यापीठाशी असलेल्या बंधनातून मुक्त होतो. नियमित फेरीचे निकाल मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी जाहीर होतात.

पद्धतीचा उगम

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणाची मागणी झपाट्याने वाढली. एकच विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करू लागला आणि निवड झालेल्यांपैकी प्रत्यक्षात किती जण येतील, याचा अंदाज करणे संस्थांना कठीण होऊ लागले. १९५० च्या दशकात ईशान्य अमेरिकेतील महाविद्यालयांनी, विशेषतः 'सेव्हन सिस्टर्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महिला महाविद्यालयांच्या गटाने, लवकर निर्णय देण्याच्या योजना सुरू केल्या. त्याच काळात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन निवडक खासगी शाळांमधील विद्यार्थ्यांना अ, ब, क अशा श्रेणी देऊन त्यांच्या प्रवेशाची शक्यता आगाऊ कळवीत असत. मुदतपूर्व प्रवेशाचा हा प्रारंभ मुळात सुस्थितीतील शाळांच्या परिघात झाला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे या पद्धतीवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांचे मूळ येथेच सापडते.

१९९० च्या दशकाच्या मध्यास येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांनी बंधनकारक फेरी स्वीकारल्यानंतर स्पर्धा तीव्र झाली. बंधनकारक फेरीत निवडलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी प्रवेश घेतो. त्यामुळे संस्थेची जागा निश्चितपणे भरते, अंदाजपत्रक आखणे सोपे जाते आणि निवडलेल्यांपैकी प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाणही वाढते. हे प्रमाण त्या काळी 'यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' या नियतकालिकाच्या प्रसिद्ध क्रमवारीत विचारात घेतले जात असे. नियतकालिकाने २००३ मध्ये हा निकष वगळला. परंतु तोवर मुदतपूर्व फेरी संस्थांच्या कामकाजात पक्की रुजली होती.

आकडे आणि त्यांचा अर्थ

सन २०२४ मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीचे उदाहरण पाहता येईल. हार्वर्डकडे मुदतपूर्व फेरीत ७,९२१ अर्ज आले आणि ६९२ जणांची निवड झाली. म्हणजे प्रमाण ८.७ टक्के होते. दोन्ही फेऱ्या मिळून ५४,००८ अर्जांमधून १,९३७ विद्यार्थी निवडले गेले. हे एकूण प्रमाण ३.६ टक्के, तर नियमित फेरीपुरते पाहिल्यास अवघे २.७ टक्के होते. येलने मुदतपूर्व फेरीतील ७,८५६ अर्जदारांपैकी ७०९ जणांना, म्हणजे ९ टक्के विद्यार्थ्यांना निवडले. त्याचे एकूण प्रमाण ३.७ टक्के होते. ब्राउन विद्यापीठातील फेरी बंधनकारक आहे. तेथे ६,२४४ अर्जदारांपैकी ८९८ म्हणजे १४.४ टक्के निवडले गेले, तर एकूण प्रमाण ५.२ टक्के होते. ब्राउनची पहिल्या वर्षाची तुकडी साधारण १,७०० विद्यार्थ्यांची असते. याचा अर्थ निम्म्याहून अधिक जागा नियमित फेरीचे अर्ज वाचण्यापूर्वीच भरल्या गेल्या होत्या.

या आकड्यांवरून लवकर अर्ज केल्यास संधी दुप्पट किंवा तिप्पट होते, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. विद्यापीठाच्या क्रीडा प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले मोठ्या संख्येने याच फेरीत अर्ज करतात. हार्वर्डच्या प्रवेश धोरणाविरुद्ध २०१८ मध्ये बोस्टनच्या संघीय न्यायालयात झालेल्या सुनावणीत जे विश्लेषण सादर झाले, त्यानुसार प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. असे अर्जदार वगळले, तर सर्वसाधारण विद्यार्थ्याला मिळणारा लाभ मथळ्यातील आकड्यापेक्षा कमी भरतो. शिवाय जे विद्यार्थी ऑक्टोबरपर्यंत सर्व तयारी पूर्ण करतात, ते मुळातच अधिक तयार असतात.

तरीही लाभ अजिबात नाही, असेही म्हणता येत नाही. ख्रिस्तोफर ॲव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी १४ नामांकित महाविद्यालयांकडे आलेल्या पाच लाखांहून अधिक अर्जांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २००३ मध्ये हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केला. अर्जदारांची गुणवत्ता समान धरली तरी मुदतपूर्व अर्जामुळे मिळणारा लाभ सॅट परीक्षेतील सुमारे १०० अधिक गुणांइतका असतो, असे त्यांना आढळले. त्या वेळीही ही परीक्षा १६०० गुणांची होती. मात्र या अभ्यासातील अर्ज १९९० च्या दशकातील होते आणि प्रत्येक विद्यापीठाचे धोरण स्वतंत्र असते, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

आक्षेप आणि माघार

या पद्धतीविरुद्धचा प्रमुख आक्षेप समान संधीच्या तत्त्वाशी निगडित आहे. बंधनकारक अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला निरनिराळ्या विद्यापीठांनी देऊ केलेल्या आर्थिक साहाय्याची तुलना करता येत नाही. ज्या कुटुंबाला अशा तुलनेची गरज नाही, तेच निर्धास्तपणे वचन देऊ शकते. त्यामुळे संधी वाढवण्याचा मार्ग प्रामुख्याने सधन कुटुंबांसाठी खुला राहतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. पत्रकार जेम्स फॅलोज यांनी २००१ मध्ये 'द अटलांटिक' मासिकातील प्रदीर्घ लेखात या पद्धतीवर कठोर टीका केली. त्याच वर्षाच्या अखेरीस येलचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड लेव्हिन यांनी बंधनकारक फेरीविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. २००२ मध्ये येल आणि स्टॅनफर्ड यांनी बंधनकारक पद्धत सोडून सिंगल-चॉइस पद्धत स्वीकारण्याचे ठरवले. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानेही त्याच वर्षी बंधनकारक फेरी बंद केली.

सर्वांत मोठे पाऊल सप्टेंबर २००६ मध्ये उचलले गेले. अंतरिम अध्यक्ष डेरेक बोक यांच्या कार्यकाळात हार्वर्डने मुदतपूर्व फेरी पूर्णतः बंद करण्याची घोषणा केली. पाठोपाठ प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठानेही तसाच निर्णय जाहीर केला. अन्य विद्यापीठेही अनुकरण करतील, अशी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. गुणवान विद्यार्थी डिसेंबरमध्येच इतरत्र निश्चित होऊ लागले. व्हर्जिनिया विद्यापीठाने २०१० मध्ये, तर हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये मुदतपूर्व फेरी पुन्हा सुरू करण्याचे जाहीर केले. एकट्या-दुकट्या संस्थेने माघार घेतल्यास तिचेच नुकसान होते, हा धडा यातून मिळाला.

कायद्याच्या अंगानेही हा विषय चर्चेत आला. प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत बंधनकारक अर्जदारांना खास सवलती देण्यास मनाई होती. स्पर्धेला मारक ठरणाऱ्या तरतुदींवर अमेरिकी न्याय विभागाने आक्षेप घेतल्यानंतर २०१९ मध्ये संघटनेने ही मनाई काढून टाकली. ऑगस्ट २०२५ मध्ये अनेक नामांकित विद्यापीठांविरुद्ध मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. बंधनकारक फेरीमुळे संस्थांमधील स्पर्धा संपते आणि विद्यार्थ्यांवरील खर्चाचा भार वाढतो, असा त्यातील आरोप आहे. दुसरीकडे, २०२५ मध्येच मिशिगन विद्यापीठासारख्या मोठ्या सरकारी विद्यापीठाने बंधनकारक फेरी सुरू करण्याचा निर्णय घेतला. टीका वाढत असतानाही ही पद्धत विस्तारतच आहे.

आर्थिक साहाय्य : कळीचा मुद्दा

नामांकित खासगी विद्यापीठांचा शिक्षणशुल्क, निवास आणि भोजन मिळून होणारा वार्षिक खर्च आज ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. चार वर्षांचा हिशेब केल्यास ही रक्कम ३ लाख २० हजार डॉलरहून अधिक होते. रुपयाच्या विनिमय दरातील घसरणीचा भार वेगळा. त्यामुळे बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या बाबतीत साहाय्य किती मिळेल, यावरच सर्व काही अवलंबून असते.

येथे दोन संज्ञा समजून घेणे अगत्याचे आहे. काही विद्यापीठे निवड करताना अर्जदाराच्या आर्थिक गरजेचा विचार करीत नाहीत. या धोरणाला 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. अमेरिकी नागरिकांसाठी हे धोरण अनेक ठिकाणी आहे. परदेशी अर्जदारांसाठी मात्र ते मोजक्याच संस्थांत आढळते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲम्हर्स्ट महाविद्यालय यांचा त्यात समावेश होतो. डार्टमथने जानेवारी २०२२ मध्ये हे धोरण परदेशी विद्यार्थ्यांनाही लागू केले. या संस्था प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याची सिद्ध झालेली संपूर्ण आर्थिक गरज भागवतात. अन्य बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितल्यास त्याचा परिणाम निवडीवर होऊ शकतो. या धोरणाला 'नीड-अवेअर' म्हणतात. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल ही या गटातील उदाहरणे आहेत. अशा अनेक ठिकाणी अर्जाच्या वेळी साहाय्य न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढील वर्षांत ते मागता येत नाही. आधी प्रवेश मिळवू आणि पैशांचे नंतर पाहू, हा विचार येथे धोक्याचा ठरतो.

भारतीयांसाठी काही खास निधीही उपलब्ध आहेत. मुंबईस्थित टाटा समूहाच्या न्यासाने २००८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून भारतीय पदवी विद्यार्थ्यांसाठी टाटा शिष्यवृत्ती दिली जाते. मात्र अशा शिष्यवृत्त्यांची संख्या मर्यादित असते.

बंधनकारक फेरीत एक महत्त्वाची पळवाट नव्हे, तर अधिकृत तरतूद आहे. देऊ केलेले आर्थिक साहाय्य कुटुंबाला पुरेसे नसल्यास विद्यार्थी बंधनातून मुक्त होण्याची विनंती करू शकतो. परंतु अशा वेळी त्याच्या हाती तुलनेसाठी दुसरा कोणताही प्रस्ताव नसतो आणि नियमित फेरीच्या मुदतीला दोन-तीन आठवडेच उरलेले असतात. अनेक विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर कुटुंबाला पडणाऱ्या खर्चाचा अंदाज देणारी गणकयंत्रे असतात. संघीय कायद्यानुसार २०११ पासून ती अनिवार्य आहेत. पण ती प्रामुख्याने अमेरिकी कुटुंबांचे उत्पन्न आणि कर डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेली असतात. भारतातील शेती, कौटुंबिक व्यवसाय किंवा एकत्र कुटुंबाची मालमत्ता त्यांत नीट बसत नाही. म्हणून लेखी शंका विचारून विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून उत्तर मिळवणे अधिक विश्वसनीय ठरते.

भारतीय विद्यार्थ्यांच्या अडचणी

मुदतपूर्व अर्ज करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याचे बारावीचे वर्ष जेमतेम निम्मे संपलेले असते. मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि निकाल मे महिन्याच्या सुमारास, अशी स्थिती असते. साहजिकच विद्यापीठापुढे नववी, दहावी आणि अकरावीचे गुण, बारावीच्या घटक चाचण्या किंवा सहामाही परीक्षेचे गुण आणि शिक्षकांनी वर्तवलेले अपेक्षित गुण एवढीच सामग्री असते. अकरावीकडे विश्रांतीचे वर्ष म्हणून पाहण्याची आपल्याकडील सवय येथे महागात पडते. नियमित फेरीत किमान बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण जोडता येतात.

महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण आहे. दहावीनंतर ते शाळा सोडून कनिष्ठ महाविद्यालयात जातात. त्यामुळे चार वर्षांच्या गुणपत्रिका दोन संस्थांकडून मिळवाव्या लागतात. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांची ओळख जेमतेम सव्वा वर्षाची असते. मोठ्या वर्गांमुळे आणि खासगी शिकवण्यांमुळे ती तेवढीही नसते. पुष्कळ कनिष्ठ महाविद्यालयांत स्वतंत्र समुपदेशक नसतो. अशा वेळी ती जबाबदारी प्राचार्य, उपप्राचार्य किंवा एखादे प्राध्यापक स्वीकारू शकतात. मात्र शाळेचा अहवाल काय असतो आणि बंधनकारक करारावर स्वाक्षरी करण्याचा अर्थ काय, हे त्यांना ऑगस्टमध्येच समजावून सांगणे हिताचे. दिवाळीची सुटी नेमकी याच सुमारास येते, हेही लक्षात ठेवावे.

प्रवेश परीक्षांचे नियम अलीकडे पुन्हा बदलले आहेत. कोरोना साथीच्या काळात बहुतेक विद्यापीठांनी सॅट किंवा एसीटी परीक्षेची अट शिथिल केली होती. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा लागू केली. डार्टमथ, येल, ब्राउन आणि हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये तसेच निर्णय जाहीर केले. त्यामुळे मुदतपूर्व अर्ज करणाऱ्याने ही परीक्षा शक्यतो ऑगस्टपर्यंत देऊन टाकणे श्रेयस्कर. भारतासह अमेरिकेबाहेरील देशांत सॅट परीक्षा मार्च २०२३ पासून संगणकीय स्वरूपात घेतली जाते.

याच विद्यार्थ्यांपैकी अनेक जण जेईईचीही तयारी करीत असतात. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत असते, तर बंधनकारक फेरीचा निकाल डिसेंबरमध्येच लागलेला असतो. परदेशी विद्यापीठाला शब्द देऊन ठेवायचा आणि आयआयटीत चांगला क्रमांक मिळाल्यास तो फिरवायचा, हे दिलेल्या वचनाशी विसंगत आहे. हा करार न्यायालयात अंमलात आणता येण्याजोगा असल्याचे सामान्यतः मानले जात नाही. त्याचा आधार नैतिक आहे. परंतु वचनभंग झाल्यास शाळेच्या विश्वासार्हतेला तडा जातो आणि त्याची झळ पुढील वर्षी त्याच शाळेतून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांना बसू शकते. ज्यांचा आयआयटीचा विचार पक्का आहे, त्यांच्यासाठी बंधनमुक्त फेरी हाच प्रामाणिक पर्याय ठरतो.

प्रवेश मिळणे आणि व्हिसा मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मे २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा हार्वर्डचा अधिकार काढून घेण्याचा प्रयत्न केला आणि संघीय न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. त्याच सुमारास विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती ठरवण्याचे कामही काही आठवडे थांबवण्यात आले होते. डिसेंबरमध्ये निवड झाल्यास कागदपत्रांसाठी अधिक अवधी मिळतो, एवढाच दिलासा. अन्य पर्याय सर्वस्वी बंद करण्यापूर्वी या अनिश्चिततेचा विचार झाला पाहिजे.

ब्रिटनमधील पद्धत वेगळी

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांची मुदतही अन्य ब्रिटिश विद्यापीठांच्या आधी, १५ ऑक्टोबर रोजी संपते. ब्रिटनमधील सायंकाळी ६ ही वेळ भारतात रात्री साडेदहाची असते. वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांनाही हीच तारीख लागू आहे. मात्र या तारखेमागील कारण वेगळे आहे. लेखी चाचण्या आणि मुलाखतींसाठी विद्यापीठांना वेळ हवा असतो. तेथे दुसरी, नियमित फेरी नसते. म्हणून लवकर अर्ज केल्याचा काही लाभही नसतो. एका वर्षात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो; परंतु निवड झाल्यास तेथेच जाण्याचे वचन अर्जासोबत द्यावे लागत नाही.

निकालानंतर

डिसेंबरमधील निवड अंतिम असली तरी निःशर्त नसते. बारावीचे अंतिम गुण विद्यापीठाला कळवावे लागतात आणि त्यांत मोठी घसरण झाल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो. अर्ज नियमित फेरीकडे वर्ग झाल्यास पहिल्या सत्राचे गुण आणि नवी उल्लेखनीय कामगिरी थोडक्यात कळवावी; त्याच त्या मजकुराची पत्रे पाठवून उपयोग होत नाही. नकार मिळाल्यास त्या वर्षी त्याच विद्यापीठाकडे नियमित फेरीत पुन्हा अर्ज करता येत नाही. अपुऱ्या तयारीनिशी लवकर अर्ज करण्याचा खरा तोटा हाच आहे. म्हणून अन्य विद्यापीठांचे निबंध निकालापूर्वीच तयार ठेवावेत. निराशेच्या भरात नाताळच्या आठवड्यात लिहिलेले निबंध क्वचितच चांगले उतरतात.

कोणासाठी कोणता मार्ग

आतापर्यंतच्या विवेचनाचा मथितार्थ असा की, मुदतपूर्व फेरी हा एक व्यवहार आहे. विद्यार्थी विद्यापीठाला निश्चिती देतो आणि त्या बदल्यात विद्यापीठ त्याच्या अर्जाकडे थोड्या अधिक अनुकूलतेने पाहते. ही निश्चिती देणे कोणाला परवडते, हाच मुख्य प्रश्न आहे.

संपूर्ण खर्च स्वतः उचलू शकणाऱ्या आणि एकाच विद्यापीठाविषयी मनात शंका नसलेल्या विद्यार्थ्याला बंधनकारक फेरी उपयुक्त ठरू शकते. मोठ्या साहाय्याची गरज असलेल्या विद्यार्थ्याने परदेशी अर्जदारांसाठी 'नीड-ब्लाइंड' असलेल्या आणि बंधनमुक्त फेरी घेणाऱ्या संस्थांचा विचार आधी करावा. तेथे निवड झाली तरी एप्रिलपर्यंत तुलनेची संधी राहते. अंशतः साहाय्य हवे असलेल्या कुटुंबांची स्थिती सर्वांत नाजूक असते. त्यांनी आपण दरवर्षी जास्तीत जास्त किती रक्कम देऊ शकतो, हा आकडा सप्टेंबरमध्येच कागदावर मांडावा, विद्यापीठाकडून संभाव्य साहाय्याचा अंदाज घ्यावा आणि दोहोंचा मेळ बसत नसल्यास नियमित फेरीची वाट धरावी. ज्यांचे अकरावीचे गुण बेताचे आहेत किंवा ज्यांचे निबंध ऑक्टोबरअखेर कच्चे आहेत, त्यांनाही दोन महिन्यांचा अवधी लाभदायकच ठरेल.

करारपत्रावर पालकांचीही स्वाक्षरी असते, हे विसरता कामा नये. सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याची पसंती आणि कुटुंबाची ऐपत यांवर घरात मोकळेपणाने बोलणी व्हायची असतील, तर ती १ नोव्हेंबरपूर्वी व्हावीत. त्यानंतर निर्णयाची सूत्रे कुटुंबाच्या हाती फारशी उरत नाहीत.